रफूचं पातेलं

मित्रांनो, माझ्याकडे बघून कुणाला काही विचारावंसं वाटत नाही, हे मला ठाऊक आहे. लिटरभर दूध मावेल एवढं ॲल्युमिनियमचं जुनं पातेलं मी. एका बाजूला पोचा, बूड काळं, आणि काठ असा वाकडा की वर झाकण ठेवलं तर ते लंगडतं. स्टीलची नवी भांडी माझ्या शेजारी लागली की नाक मुरडतात. मुरडू देत. पण एका मुक्या जिवाच्या बाबतीत माझ्या पोटात जे शिजलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. मोठ्यांना सांगायला गेलो तर ते म्हणतील, भांड्यांना कुठे तोंड असतं? म्हणून तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आधी मी नुसती एक गोल चकती होतो. कारागिराने मला फिरत्या साच्यावर बसवलं आणि लांब दांडा काखेत धरून असा काही दाब दिला की माझी बोबडीच वळली. हां हां म्हणता मला पोट आलं. मग काठ वळवला, मग पॉलिश झालं. त्या कारागिराने मला उजेडात धरून फिरवून बघितलं आणि म्हणाला, "हे टिकेल." मी टिकलो खरा. कधी कधी वाटतं, टिकलो नसतो तर बरं झालं असतं.

दुकानातून मला उचललं ते आक्काने. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. मास्तर शिंपी, घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं शिलाईचं दुकान. त्यांची बायको गेली तेव्हा मुलगी जेमतेम दहा महिन्यांची होती. आक्का "चार दिवस राहते" म्हणून आली आणि कायमचीच राहिली. आल्याबरोबर पहिली खरेदी केली ती माझी. "पोरीच्या दुधाला वेगळं पातेलं हवं. त्यात दुसरं काही शिजवायचं नाही," असं तिने त्याच दिवशी बजावलं. बजावायला घरात होतं कोण? मास्तर आणि मास्तरांचं दुःख. दोघांनी मान डोलावली.

त्या पोरीला सगळे बिट्टी म्हणतात. तिचं दूध मी चार वर्षं तापवलं. आक्का माझ्यापुढे अशी उभी राहायची की दुधाची काय बिशाद होती उतू जायची! साय धरायला लागली की ती गॅस बारीक करायची, आणि मला सांडशीने उचलताना नेहमी म्हणायची, "हळूच गं बाई, हळूच." मला म्हणायची की स्वतःला, कोण जाणे. मला मात्र ते आवडायचं. पुढे बिट्टीने मला जमिनीवर आपटून ढोलकी केली, तेव्हा हा पोचा पडला, आणि दुधाच्या कामावर एक चकचकीत स्टीलचं पातेलं आलं. मी फडताळात मागे गेलो. जगरहाटीच आहे ती, पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

मग रफू आला आणि माझे दिवस पालटले.

एक गिऱ्हाईक बिट्टीला द्यायला कापडाच्या पिशवीतून कुत्र्याचं पिल्लू घेऊन घरी आलं होतं. पांढरं अंग आणि पाठीवर एक तपकिरी चौकोन. बिट्टी म्हणाली, "बाबा, याला ठिगळ लावलंय." मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून पिल्लू निरखलं. म्हणाले, "ठिगळ नव्हे, रफू आहे हा. टाका दिसतोय का कुठे?" झालं, तेच नाव पडलं. पिल्लासाठी पुड्यातलं खाणं आलं, त्या सुक्या, बारक्या गोळ्या. आक्काने एक गोळी दाताखाली धरून बघितली. हो, खरंच! आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर खडे आहेत. जिवाला असं सुकं घालायचं?" तिने मला मागून पुढे ओढलं, पाणी कोमट केलं आणि त्यात गोळ्या भिजत घातल्या.

तेव्हापासून मी 'रफूचं पातेलं' झालो. पिल्लाचा कुत्रा झाला, त्याला दगड चावता येतील असे दात आले, तरी आक्काचं भिजवणं काही सुटलं नाही. सहा वर्षं, दिवसातून दोनदा. मी ओट्यावर टेकलो रे टेकलो, की रफू कुठेही असो, धावत यायचा आणि शेपटीने फडताळाचं दार बडवायचा. स्टीलच्या पातेल्यासाठी कधी कुणी शेपटी हलवली होती का? मी तेव्हा जरा चढलोच होतो, कबूल करतो.

पण रफू खाजवायला लागला. आधी कानामागे, मग पोटाला, मग रात्रंदिवस. केस झडून त्याच्या पाठीवरच्या तपकिरी चौकोनाला खरोखरच भोक पडल्यासारखं दिसू लागलं. मलमं झाली, पावडरी झाल्या, तीन वेगवेगळे पुडे बदलून झाले. मास्तरांचा जीव तुटायचा. शेवटी त्यांनी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंशी बोलून ठरवलं, की पुड्यातलं खाणं हळूहळू बंद करायचं आणि कच्चं मांस सुरू करायचं.

मास्तर मापाचा माणूस. अर्ध्या बोटाची चूक झाली तरी शिवण उसवणारा. त्यांनी कापड बेतायचा मोठा खाकी कागद भिंतीवर चिकटवला आणि त्यावर आखणी केली. पहिला आठवडा सकाळी गोळ्या आणि दुपारी थोडं बिनहाडाचं कच्चं मांस. दुसऱ्या आठवड्यापासून गोळ्या निम्म्या, आणि दुपारी कोंबडीच्या माना, कारण त्यांतली हाडं मऊ असतात. वाटी वेगळी, सुरी वेगळी, फ्रीजमधला कप्पा वेगळा, हात साबणाने धुवायचे. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर उचलून ठेवायचं. हे सगळं त्यांनी बिट्टीला समोर बसवून समजावलं. बिट्टी आता अकरा वर्षांची होती, घडाघडा पाठ म्हणून दाखवायची.

आक्काला मात्र त्यांनी काहीच समजावलं नाही. त्याला कारण होतं, आणि ते वाईट नव्हतं. आक्काला कच्च्या मांसाचा वास सोसत नाही. खाटकाच्या दुकानावरून जाताना ती रस्ता ओलांडते. म्हणून मास्तर बिट्टीला म्हणाले, "आक्काला यात पाडायचं नाही हं. तिला मळमळतं. आपण दोघं बघू." बहिणीची काळजी म्हणून ते असं बोलले.

आक्का मोरीत भांडी घासत होती, तिने ते ऐकलं. "बरं बाई," ती मला घासता घासता पुटपुटली, "सहा वर्षं घातलं ते वाया. आता आम्ही कोण?" आणि मला पुसून तिने वरच्या फळीवर ठेवून दिलं.

मित्रांनो, खरं सांगायचं तर मीही रुसलो होतो. माझं काम गेलं होतं. पुढचं सगळं ऐकताना हे विसरू नका.

पहिल्या दिवशी दुपारी शाळेतून आल्यावर बिट्टीने वाटीत मांस ठेवलं. रफूने हुंगलं, दोन पावलं मागे सरला आणि फडताळाकडे बघत बसला. वीस मिनिटांनी वाटी उचलली. दुसऱ्या दिवशी तेच. सकाळच्या गोळ्याही मास्तर सुक्याच घालत होते, त्या तो चार खायचा, चार टाकायचा. बिट्टी रडकुंडीला आली. मास्तर म्हणाले, "रडू नकोस. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, एखादं जेवण चुकलं तर काही होत नाही. भूक लागली की खाईल."

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दुकानात आणि बिट्टी शाळेत गेली. घरात आक्का आणि रफू. रफू येऊन तिच्या पायांवर हनुवटी टेकून पडला. आक्का भाजी निवडत होती. तिने एकदा खाली बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, आणि भाजीचं ताट बाजूला सारलं. "अरे माझ्या राजा, तू काय जंगलात जन्मलास? कच्चं कसं उतरेल तुझ्या घशाखाली?"

तिने नाकाला फडकं बांधलं. स्टुलावर चढून मला खाली काढलं. फ्रीजमधलं मांस दोन बोटांच्या चिमटीत धरून, तोंड फिरवून माझ्यात टाकलं, पाणी घातलं आणि गॅस पेटवला. उकळी आली तसा रफू उठला. शेपटीने फडताळाचं दार बडवायला लागला. मला काय वाटलं म्हणून सांगू! इतक्या दिवसांनी बुडाला ऊब लागली होती. मी आनंदाने खदखदत होतो.

रफूने वाटी चाटूनपुसून लख्ख केली. आक्काचे डोळे भरून आले. ज्या वासाने तिला ओकारी यायची तो वास तिने त्याच्यासाठी सोसला होता, आणि ही गोष्ट कुणाला सांगताही येत नव्हती.

एक वाजता बिट्टी आली. रिकामी, धुतलेली वाटी बघून ओरडलीच, "आत्या! खाल्लं त्यानं?"

"खाल्लं की."

"कच्चंच?"

"मग काय," आक्का म्हणाली. "मी ठेवलं वाटीत. फडकं बांधलं नाकाला नि ठेवलं."

मी तेव्हा मोरीत पालथा पडलो होतो. अजून गरम होतो.

संध्याकाळी मास्तर आले तर घरात सणासारखा उत्साह. "आक्का, तुझ्या हातालाच गुण आहे बघ! आमच्या हातचं दोन दिवस शिवेना तो!" ते लहान मुलासारखे हसत होते. बायको गेल्यापासून ते असे हसलेले मी फार थोड्या वेळा पाहिलेत, आक्कानेही थोड्याच वेळा पाहिले असतील. तिने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मास्तर म्हणाले, "मग दुपारचं तूच घालशील का त्याला? जमेल तुला?" आक्का म्हणाली, "न जमायला काय झालं?"

असं ते काम पुन्हा तिच्याकडे आलं. बिट्टी शाळेतून यायच्या आत ती ते उरकून टाकायची, सुट्टीच्या दिवशी सगळे उठायच्या आत. नियम काही तिच्याकडे आले नाहीत. सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर नियम सांगायचं कुणाला सुचतं? भिंतीवरचा कागद होता, पण त्यावर नुसते वार आणि वजनं.

तो आठवडा काही बिघडलं नाही. उकडलेलं मांस पोटाला जड थोडंच असतं? उलट रफूची खाज कमी झाली. मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगत सुटले, "कच्च्या खाण्याचा गुण! माझं ऐका, पुडे फेकून द्या." आक्का मनातल्या मनात हसायची आणि मला घासायची. आम्हा दोघांचं गुपित होतं ते. मला तर वाटायचं, काय शहाणी आहे आपली आक्का!

दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी मास्तर दुकानात निघताना चपला घालत म्हणाले, "आक्का, आजपासून माना आहेत फ्रीजमध्ये. तशाच द्यायच्या हं."

तशाच. एवढा एकच शब्द. का ते सांगितलं नाही, आणि आक्काने विचारलं नाही. विचारलं असतं तर आधीचं सगळं उघडं पडलं असतं. ती माझ्याशी बोलली फक्त. माना माझ्यात टाकता टाकता म्हणाली, "चांगल्या शिजू देत. हाडं ठिसूळ झाली म्हणजे त्याला चावायला बरं."

सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवस मी त्या माना शिजवल्या. हाडं ठिसूळ होत गेली. रफू ती कडाकडा फोडून खायचा आणि आक्का कौतुकाने म्हणायची, "बघा, दात कसे कामाला लागलेत!"

गुरुवारी सकाळी रफू उठला नाही. मधल्या खोलीतल्या टेबलाखाली पाठीची कमान करून बसून राहिला. गोळ्यांना तोंड लावलं नाही. दोनदा पांढरा फेस ओकला. बिट्टी शाळेला जाईना, मास्तरांनी तिला कशीबशी पाठवली. त्या दिवशी शाळेच्या गणवेशांचा मोठा गठ्ठा त्यांना पोचवायचा होता. त्यांनी मधल्या खोलीतून डॉक्टरीणबाईंना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि रफूच्या पोटावर हात ठेवून बसले.

आक्का मोरीत होती. बुधवारचा मी तसाच राहिलो होतो, मला घासत होती. नळ सुरू होता.

फोनवरून बाई म्हणाल्या, "शिजवलेलं हाड नाही ना गेलं पोटात?"

आक्काने नळ बंद केला.

"छे छे," मास्तर म्हणाले.

"नक्की ना? कारण कच्चं हाड वाकतं, चुरतं. शिजवलं की त्याच्या सुया होतात. आतडं फाटतं. तसं काही असेल तर आत्ताच्या आत्ता घेऊन या. अशात एक दिवसही फार होतो."

"नाही हो बाई, शंभर टक्के. शिजवायचा प्रश्नच नाही. दुपारचं तर आमची आक्का घालते, तिच्यावर माझा डोळे मिटून विश्वास."

"मग खाणं बदललंय म्हणून पोट बिघडलं असेल. आज उपाशी ठेवा, पाणी पाजा. उद्यापर्यंत उतार नसला तर आणा."

मित्रांनो, मी आक्काच्या हातात होतो. तिची बोटं माझ्या काठावर अशी आवळली होती की पांढरी पडली. मी मनातल्या मनात आक्रोश केला, बोल गं आक्का, बोल. दार उघडं आहे, भाऊ चार पावलांवर आहे, अजून वेळ आहे, एक वाक्य बोल. तिचे ओठ हललेदेखील. इतक्यात मास्तर दारातून आत डोकावले. म्हणाले, "काही नाही, पोट बिघडलंय. लक्ष ठेव हं आक्का. तू आहेस म्हणून मला घोर नाही."

आणि ती म्हणाली, "जा तू. मी आहे."

मास्तर गेल्यावर तिने नळ पुन्हा सोडला आणि मला घासत राहिली. मी केव्हाच स्वच्छ झालो होतो, तरी घासत राहिली.

तिला लाज वाटली. आठ दिवस खोटं बोललेलं, त्यावर मिळालेली शाबासकी, आणि ते "डोळे मिटून विश्वास". तिने स्वतःची समजूत घातली की उद्यापर्यंत बरं वाटेल. हाडं काय, गेली असतील निघून. सगळी कुत्री हाडं खातात. दिवसभर ती रफूजवळ बसून होती. चमच्याने पाणी पाजत होती, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बरा हो रे. माझ्यासाठी तेवढं कर." रफू बिचारा तिचा हात चाटत होता. त्याला काय ठाऊक, ती त्याच्याकडे काय मागत होती!

शुक्रवारी उजाडलं तेव्हा त्याचं पोट ढोलासारखं ताठ झालं होतं आणि हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मास्तरांनी त्याला उचलायला हात घातला तर तो पहिल्यांदाच त्यांच्यावर गुरगुरला. तेव्हा आक्का दाराला धरून म्हणाली, "अरे, मी शिजवून घालत होते. मानासुद्धा. तिन्ही दिवस."

  शिवायला आणलेल्या एका चादरीत रफूला गुंडाळून मास्तर धावत सुटले.

दुपारी ते परतले तेव्हा ती चादर घडी करून त्यांच्या खांद्यावर होती. बिट्टीने दारातच विचारलं, "बाबा, रफू?" मास्तर उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "टेबलावरच गेला गं. पोट उघडलं त्यांनी, पण आतडं फाटून पू आत सगळीकडे पसरला होता." मग कुणाकडे न बघता म्हणाले, "बाई म्हणाल्या, काल आणला असता तर वाचला असता."

आक्का डोकं आपटून घेऊ लागली. मास्तरांनीच उठून तिला धरलं. "आक्का, नको. तुझा काय दोष? तुला कुणी सांगितलं होतं? मी कारण सांगायला हवं होतं. तुला मळमळेल म्हणून मीच तुला बाजूला ठेवलं. चूक माझी आहे, सगळी माझी." ते तिचे डोळे पुसत होते आणि स्वतः रडत होते.

तिने तेव्हा तरी सांगायचं होतं. सांगितलं नाही. भावाने दिलेली माफी तिने घेतली, पण ती माफी भलत्याच चुकीची होती. माना शिजवल्या ते अज्ञानापोटी, ते कुणीही माफ करेल. गुरुवारी सकाळी नळ बंद करून तिने काय ऐकलं, ते तिला ठाऊक होतं आणि मला. घरात न बोलता येणारे आम्ही दोघेच होतो, रफू आणि मी. तिला बोलता येत होतं.

मला तिने वरच्या फळीवर पालथं ठेवून दिलं. तिथून मला फक्त आवाज ऐकू यायचे. ताटं तीन मांडली जायची. एक ताट मोरीत जायच्या आधी त्यातलं अन्न खरडून डब्यात टाकल्याचा आवाज यायचा, म्हणजे आक्का जेवलेली नसायची. बिट्टी आधी बरेच दिवस आत्याशी बोलली नाही. फडताळाचं दार कशाने वाजलं की ती दचकून बघायची, हे मला तिच्या पावलांवरून कळायचं. मास्तर तिला समजवायचे, "आत्याला ठाऊक असतं तर तिनं असं केलं असतं का? तूच सांग." हळूहळू पोर नरमली. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर नरमतात.

मग एका रविवारी स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि दोन छोट्या हातांनी मला खाली काढलं. बिट्टी होती. तिने मला विसळलं, पाणी घातलं, साखर घातली आणि गॅसवर ठेवलं. आक्का डोकं धरून खुर्चीवर बसली होती. तिने मान वर केली आणि ताडकन उठली.

"त्यात नको गं! त्यात काही करू नकोस!"

"चहा ठेवतेय तुला," बिट्टी म्हणाली. "डोकं दुखतंय ना तुझं? आणि पातेल्यानं काय केलंय, आत्या? पातेल्याला काही ठाऊक होतं का?" मग मोठ्या माणसासारखी म्हणाली, "तुलासुद्धा कुठे ठाऊक होतं? मी उगीच रागावले तुझ्यावर. आता नाही रागावणार."

पाण्याला बारीक बुडबुडे यायला लागले होते. आक्का तिच्याकडे बघत उभी होती. मला वाटलं, आता ही पोरीला जवळ घेईल, दोघी रडतील, आणि ते गुपित कायमचं माझ्याच पोटात राहील.

"ठाऊक होतं," आक्का म्हणाली.

"काय?"

"मला ठाऊक होतं, बिट्टी. गुरुवारीच. फोनवर बाई बोलल्या ते मी मोरीतून ऐकलं. शिजवलेल्या हाडाच्या सुया होतात, लगेच आणा म्हणाल्या. मी ऐकलं आणि गप्प बसले. मला तुझ्या बाबापुढे बोलायची लाज वाटली."

बिट्टीने गॅस बंद केला. हातात चहाची पूड तशीच होती. तिचा चेहरा मी इतक्या जवळून पाहिला, तिला दूध पाजायच्या दिवसांत पाहिला होता तसा, पण असा कधी नाही. तिने पूड परत डब्यात टाकली. मग तिच्या तोंडून इतकंच आलं, "एक अख्खा दिवस, आत्या?"

"हो."

"मी शाळेत होते. तो तुझ्याजवळ होता."

"हो गं. माझ्याजवळ होता. माझा हात चाटत होता."

बिट्टी रडायला लागली. आक्काने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तो तिने बाजूला केला. मी म्हटलं, संपलं. पण त्या पोरीने बाहीने नाक पुसलं आणि म्हणाली, "बाबांना हे ठाऊक नाही. ते रोज म्हणतात, माझ्यामुळे गेला. रोज म्हणतात, आत्या. त्यांना सांग."

"माझ्यानं होणार नाही."

"सांगायलाच हवं." आणि मघाशी जो हात तिने बाजूला केला होता तोच तिने धरला. "मी येते बरोबर. चल, आत्ताच."

रविवारी मास्तर मधल्या खोलीतल्या जुन्या मशीनवर घरातलं काहीबाही शिवत बसतात. त्या दोघी तिकडे गेल्या. चहाचं पाणी माझ्यात निवत राहिलं. त्यांचं बोलणं मला नीट ऐकू आलं नाही. मशीन थांबलं, ते पुष्कळ वेळ थांबलेलंच राहिलं, एवढं मात्र ऐकू आलं.

मित्रांनो, मी साधं पातेलं. गुरुवारी सकाळी कुणीतरी मला जमिनीवर आपटलं असतं, तर मी निदान खणखणलो असतो, मास्तरांनी विचारलं असतं, "काय झालं आक्का?" तेवढंही माझ्या हातात नव्हतं. तुमच्या घरी एखादा मुका जीव असेल तर त्याला काय घालायचं, काय नाही आणि का नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. ज्याला वास सोसत नाही त्यालाही सांगा. आणि तुमच्या हातून काही चुकलं तर त्याच दिवशी बोला. लाज वाटेल, वाटू द्या. रागावतील, रागावू द्या. टेबलाखाली पाठीची कमान करून जो बसलेला असतो, त्याच्याकडे दुसरा दिवस नसतो.